बेणे आले, माहिती पलीकडेच राहिली

शिरोळ तालुक्यातल्या गणेशवाडीहून कागवाडला येताना राज्य बदलते, पाट्यांची लिपी बदलते, कृषी खाते बदलते. जमीन मात्र तीच, कृष्णाकाठची काळी, भारी आणि अनेक ठिकाणी क्षारपड झालेली, आणि तिच्यावरचे पीकही तेच. या पट्ट्यात २००७ नंतर ‘फुले २६५’ हा ऊस हळूहळू शिरला. सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात तो तयार झाला. हे केंद्र १९३२ पासूनचे असून आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. क्षारपड रानातही हा वाण तग धरतो, त्याचा खोडवा चांगला येतो, टनेज भरते, हे एका शेतकऱ्याचे पाहून दुसऱ्याला कळले आणि बेणे ट्रॉलीत बसून कर्नाटकात आले. त्यासाठी कोणत्याही सरकारची परवानगी लागली नाही, कोणी बैठक घेतली नाही, कोणाला अनुदान मिळाले नाही.

मात्र बेण्याबरोबर यायला हवी होती ती अर्धी गोष्ट मागेच राहिली. हा वाण मध्यम उशिरा पक्व होणारा आहे. तो लवकर तोडला तर साखर उतारा खाली येतो, आणि म्हणूनच त्याच्या नोंदी घेताना कारखान्यांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली होती. लागण कधी करावी, तोड किती महिन्यांनी घ्यावी, खताचे हप्ते कसे बसवावेत, हे सारे राहुरीच्या पुस्तिकांत आहे. ते समजावून सांगण्याचे काम ज्यांचे आहे त्या लोकांची जबाबदारी महाराष्ट्राच्या तालुक्यांपाशी संपते. अलीकडे, म्हणजे आमच्या बाजूला, ऊस संशोधनाचे काम धारवाड कृषी विद्यापीठाच्या संकेश्वर केंद्राकडे आहे. त्याचे स्वतःचे वाण आहेत, स्वतःच्या शिफारशी आहेत आणि त्या कन्नडमध्ये आहेत. निपाणी, चिकोडी, कागवाडच्या मराठी शेतकऱ्याच्या रानात एका विद्यापीठाचा ऊस असतो आणि त्याच्या तालुक्यात सल्ला देण्याचा अधिकार दुसऱ्या विद्यापीठाचा असतो. मधली जागा कारखान्याचा चिटबॉय (उसाच्या नोंदी घेणारा कर्मचारी), खतविक्रेता आणि पाव्हणेरावळे भरून काढतात. तिघेही आपापल्या परीने उपयोगी पडतात, पण संशोधनावर झालेल्या सरकारी खर्चाचा अखेरचा टप्पा या तिघांवर सोडून द्यावा, असे कोणत्याही धोरणात लिहिलेले नाही. तरीही प्रत्यक्षात तेच घडते.

माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्याकडे सरकार ज्ञान तयार करण्यासाठी पैसे देते, ते वाहून नेण्यासाठी जवळजवळ देत नाही, आणि सीमाभागात ही उणीव दुप्पट होते, कारण इथे ज्ञानाला प्रयोगशाळेतून शेतापर्यंतच्या अंतराबरोबर राज्याची हद्द आणि भाषा हे आणखी दोन नाके ओलांडावे लागतात.

आधी पैशाची बाजू पाहू. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत तो ०.६४ टक्के भरतो. हा आकडा कमी आहे, चीन २ टक्क्यांच्या पुढे गेला आहे आणि दक्षिण कोरिया ४ टक्क्यांच्याही पुढे, हे वारंवार सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण या आकड्याच्या पोटातली वाटणी अधिक बोलकी आहे. या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ टक्के, उच्च शिक्षण क्षेत्राचा ८.८ टक्के आणि सगळ्या राज्य सरकारांचा मिळून ६.७ टक्के. देशातले बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात, कृषी विद्यापीठे राज्यांची आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रे राज्यांची आहेत. जिथे ज्ञान माणसाला भेटते ती बहुतेक ठिकाणे राज्यांच्या हाती आहेत, आणि संशोधनाच्या खर्चात राज्यांचा वाटा मात्र इतका तुटपुंजा आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत केंद्राने मोठ्या घोषणा केल्या. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे, त्यातले १४ हजार कोटी सरकारचे आणि उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या व देणगीदारांकडून यायचे, अशी त्यामागची कल्पना आहे. मोठ्या संस्थांनी मध्यवर्ती राहून आसपासच्या विद्यापीठांना संशोधनात सामील करून घ्यावे, अशी एक योजनाही प्रतिष्ठानाने आखली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पुढे जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १ लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोन्मेष निधीला मान्यता दिली. हा निधी मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जाच्या किंवा भागभांडवलाच्या रूपाने आहे आणि प्रयोगशाळेतला पहिला टप्पा ओलांडलेल्या तंत्रज्ञानालाच तो मिळतो. या रकमांना मी नावे ठेवत नाही. पण दोन्ही योजनांत ज्ञान पोहोचवण्याची जी कल्पना गृहीत धरली आहे ती एकाच ठरावीक वाटेची आहे. विद्यापीठाने शोध लावावा, त्याचे पेटंट व्हावे, कंपनीने ते विकत घ्यावे किंवा संशोधकानेच स्टार्टअप काढावे, आणि मग बाजाराने ते लोकांपर्यंत न्यावे, अशी ती वाट आहे.

ही वाट अमेरिकेकडून आली. तिथे १९८० साली बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना मिळू लागली. त्याच धर्तीचे एक विधेयक आपल्याकडे डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. ते गेले याचे मला फारसे दुःख नाही. औषधकंपनी किंवा चिपनिर्मिती यांच्यासाठी मालकी स्पष्ट असणे मोलाचे असेल. पण उसाची तोड तेराव्या महिन्यात घ्या, या ज्ञानाचे पेटंट होत नाही आणि त्याला गिऱ्हाईकही नाही. ज्याला विकत घेणारा नाही असे ज्ञान बाजार वाहून नेत नाही. तेच ज्ञान आमच्यासारख्या जिल्ह्यात सर्वाधिक उपयोगाचे असते. तरीही विद्यापीठांच्या गुणांकनात प्रकाशने, उद्धरणे, प्रकल्पांची रक्कम आणि पेटंट मोजली जातात, आणि मोजले जाते तेच वाढते. काही खासगी विद्यापीठे वर्षाला शेकड्यांनी पेटंटचे अर्ज करतात. त्यातले किती वापरात आले, असे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

याच अमेरिकेने एक वेगळी वाटही फार पूर्वी घातली होती, आणि आपण तिचा अर्धाच भाग उचलला. १८६२ च्या कायद्याने तिथे जमिनी देऊन राज्याराज्यांत शेतकी व यांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये उभी राहिली, १८८७ च्या कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली गेली आणि १९१४ मध्ये, ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याचे कामही विद्यापीठानेच करावे आणि त्याचा खर्च केंद्र व राज्याने वाटून घ्यावा, असे ठरले. म्हणजे पोहोचवण्यासाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र रक्कम. आपण १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ याच नमुन्यावर काढले. राहुरी १९६८ मध्ये आले आणि बंगळूरच्या विद्यापीठातून वेगळे होऊन धारवाड १९८६ मध्ये. शिक्षण, संशोधन आणि विस्तार, म्हणजे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणे, ही तिन्ही कामे त्यांच्या उद्दिष्टांत लिहिली गेली, मात्र विस्ताराचा मोठा कर्मचारीवर्ग आणि त्याचा पैसा राज्यांच्या कृषी खात्यांकडेच राहिला. खात्याकडे बियाणे, खते, अनुदानाचे अर्ज, पीकविमा, पंचनामे अशी शंभर कामे असतात. होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या गावगटाच्या, रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) हंगामाच्या तोंडावर गेल्यास तिथला अधिकारी कोणत्या कामात बुडालेला असतो हे कोणालाही दिसेल. त्याच्याकडून संशोधनाचा प्रसार ही अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

यावर उत्तर मिळते की कृषी विज्ञान केंद्रे त्यासाठीच आहेत. आहेत, आणि चांगली आहेत. बेळगाव जिल्ह्यात गोकाक भागातील तुक्कानट्टी आणि बैलहोंगल भागातील मत्तीकोप अशी दोन केंद्रे आहेत. पण एका केंद्रात मंजूर पदे सोळा असतात, त्यांत विषयतज्ज्ञ सहा, आणि उरलेल्यांत वाहनचालक व कार्यालयीन कर्मचारीही आले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार आहे. सगळी पदे भरलेली धरली तरी दोन्ही केंद्रे मिळून विषयतज्ज्ञ होतात बारा. एवढ्यांनी बाराशेच्यावर गावांत पोहोचावे, आणि तेही दोन भाषांत, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

ज्ञान वाहून नेणाऱ्या माणसाचे महत्त्व किती असते, याचे जगाने दखल घेतलेले एक उदाहरण बेळगावातच आहे, आणि आपण ते पुरेसे सांगत नाही याचे मला नवल वाटते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बाळंतिणी दगावतात. तो टाळण्याचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते आणि ते टोचायला प्रशिक्षित हात लागतो. तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी गावातल्या प्रसूतीत साध्या परिचारिकेने दिली तर चालेल का, हा प्रश्न घेऊन जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात चाचणी केली. २००२ ते २००५ या काळात १६२० स्त्रियांना तीत सामील करून घेतले गेले. गोळी घेतलेल्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के, तर गोळीसारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेतलेल्या गटात १२ टक्के आढळले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले आणि अशा पुराव्यांच्या आधारे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

या चाचणीत औषध नवे नव्हते, ते आधीपासून उपलब्ध होते. नवे होते ते एवढेच की औषध देणारी व्यक्ती डॉक्टर नसून उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका, होती, आणि ती हे काम सुरक्षितपणे करू शकते का, हाच संशोधनाचा विषय होता. म्हणजे ज्ञान पोहोचवणे हेच इथे संशोधन झाले. संशोधकांनी सरकारी आरोग्ययंत्रणेची साखळी पुढे कधीतरी वापरायची म्हणून बाजूला ठेवली नाही, प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून ती आत घेतली. निष्कर्ष जगभर गेला तो म्हणूनच.

मात्र याचा खर्च कोणी केला हे पाहिले की मन खट्टू होते. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा आणि गेट्स फाउंडेशनचा होता. बेळगावच्या खेड्यातल्या बाळंतिणीचा प्रश्न, उत्तरे शोधणारे हात बहुतांशी बेळगावचे, आणि तो विचारायला पैसा मात्र परदेशाचा. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी परदेशी भागीदारांना दिली जाणारी नवी उपअनुदाने, नवी पद्धत ठरेपर्यंत, थांबवत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभारलेल्या संशोधनाला हा धोका कायमच असतो. कर्नाटक किंवा महाराष्ट्र सरकारने आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरचे असे प्रश्न विचारण्यासाठी ठरावीक वार्षिक रक्कम ठेवली असती, तर ती मोठी असण्याची गरज नव्हती. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. संस्थांची उणीव आपल्याकडे नाही.

आता सीमेच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण इथे एक विसंगती आहे जिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. ऊस वाणांच्या चाचण्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पातून होतात. त्याचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात ७५ व २५ टक्के असा वाटला जातो आणि त्याच्यासाठी देशाचे भाग हवामान व जमीन पाहून पाडले आहेत, राज्यांच्या हद्दी पाहून नाही. पाडेगाव, कोल्हापूर आणि संकेश्वर ही तिन्ही केंद्रे एकाच द्वीपकल्पीय विभागात येतात. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा को ८६०३२ हा वाण याच विभागासाठी प्रसारित झाला आणि पंचगंगेपासून घटप्रभेपर्यंत सारखाच रुजला. थोडक्यात, शोधताना आणि तपासताना शास्त्रज्ञांना सीमा आडवी येत नाही. निष्कर्ष हाती आला की मात्र तो राज्यांच्या नळ्यांतून वाहू लागतो. तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन बंगळूरच्या विभागीय संस्थेकडून होते, तर कोल्हापूरजवळच्या कणेरीच्या केंद्राचे पुण्याच्या संस्थेकडून. दोन्ही विभागीय संस्था एकाच भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या आहेत. निपाणीचा शेतकरी कणेरीला तासाभरात पोहोचेल, पण कणेरीच्या केंद्राच्या कामाच्या हिशेबात तो कुठेच मोजला जाणार नाही.

हुमणीचे उदाहरण घेतले तर ही विसंगती किती महाग पडते हे कळते. उसाच्या मुळ्या खाणारी ही अळी कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या तिन्ही जिल्ह्यांत आहे. तिची वर्षाला एकच पिढी होते आणि म्हणून तिला पकडण्याची वेळही वर्षातून एकदाच येते. वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी तिचे पूर्ण वाढलेले भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. एका जातीचे भुंगेरे कडुलिंब व बाभळीवर पाला खायला जमतात. तेव्हा झाडे हलवून, भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले तर पुढची पिढीच तुटते. नदीकाठच्या रानात आढळणाऱ्या दुसऱ्या जातीचे भुंगेरे मात्र पाला फारसा खात नाहीत. तिथे झाडे हलवत बसणे व्यर्थ जाते आणि प्रकाश सापळे किंवा मेटाऱ्हायझियमसारख्या बुरशीचा वापर यांवर भर द्यावा लागतो. आपल्या रानात यांपैकी कोण आहे हे ओळखणे हे पहिले ज्ञान. दुसरे ज्ञान असे की ही मोहीम एकट्याने करून उपयोगाची नाही. शेजारच्या गावाने त्याच आठवड्यात केली नाही तर भुंगेरे उडून येतात आणि कष्ट पाण्यात जातात. आता शेजारचे गाव दुसऱ्या राज्यात असेल तर मोहिमेची तारीख कोण ठरवणार? शिरोळची मोहीम महाराष्ट्राच्या कृषी खात्याची किंवा तिथल्या कारखान्याची, आणि कागवाडची जबाबदारी कर्नाटकाची. किडीच्या जीवनक्रमावर दोन्ही विद्यापीठांत वर्षानुवर्षे चांगले काम झाले आहे. उणीव कीटकशास्त्राची नाही, एका तारखेची आहे, आणि ती ठरवण्यासाठी कोणाच्याही अंदाजपत्रकात जागा नाही.

सरकारांना सीमा दिसत नाही असे मात्र नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घातली होती, आणि शेतकऱ्यांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच ती मागे घेतली. ऊस हद्द ओलांडू लागला की आदेश तत्परतेने निघतो. उसाची माहिती हद्दीवर अडते तेव्हा तेवढीच तत्परता कुठे जाते, हा प्रश्न विचारला पाहिजे. वास्तविक साखर उद्योगाने या बाबतीत सरकारांपेक्षा पुढचे पाऊल टाकले आहे. सीमाभागात बहुराज्य सहकारी कायद्याखाली नोंदलेले कारखाने आहेत आणि त्यांचे सभासद दोन्ही बाजूंना आहेत. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या वर्गणीवर चालते आणि ही वर्गणी गाळपाच्या टनावर ठरते. बेळगावातच कर्नाटकाची निजलिंगप्पा साखर संस्था आहे. बेळगाव आणि मांजरी या दोन संस्थांनी सीमेवरच्या तालुक्यांसाठी मिळून काम करावे, यात अशक्य असे काहीच नाही. अडचण इतकीच की तसे करण्यासाठी कोणी पैसे ठेवत नाही आणि न केल्यास कोणी जाब विचारत नाही.

शेतीबाहेरचे एक उदाहरण पुरेसे आहे. बेळगावात खानापूर रस्त्यावर उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे आणि त्याच रस्त्याला मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय. राज्यभरातली दोनशेच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये या विद्यापीठाला संलग्न आहेत. उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याचे, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखानदाराचे, प्रश्न ठरलेले असतात. रेती पुन्हा कशी वापरायची, कास्टिंगमध्ये ब्लोहोल (हवेची भोके) का येतात, रिजेक्शन कसे कमी करायचे, विजेचे बिल कसे आटोक्यात ठेवायचे. यांतला एकही प्रश्न पेटंटचा नाही आणि एकही दोन महिन्यांच्या विद्यार्थी-प्रकल्पात सुटणारा नाही. सरकारने फौंड्री क्लस्टरसारख्या सामायिक सुविधांना मदत केली हे योग्यच झाले, पण यंत्रे बसवून ज्ञान पोहोचत नाही. ब्रिटनमध्ये १९७५ पासून एक योजना चालते, जिला आज ज्ञान हस्तांतरण भागीदारी म्हणतात. ताजा पदवीधर एक ते तीन वर्षे कारखान्यात नोकरी करतो, कारखान्याचा एकच नेमका प्रश्न हाताळतो आणि विद्यापीठातला प्राध्यापक त्याला नियमित मार्गदर्शन करतो. लहान उद्योगाला साधारण एक तृतीयांश खर्च पडतो, उरलेला सरकार देते. पदवीधराला अनुभव मिळतो, प्राध्यापकाला खरा प्रश्न मिळतो, आणि लहान कारखान्याला एरवी न परवडणारा अभियंता. बंगळूरपलीकडच्या शहरांत उद्योग वाढावेत म्हणून कर्नाटक सरकार हुबळी-धारवाड-बेळगाव पट्ट्याची जाहिरात करते. त्या जाहिरातीपेक्षा अशी पन्नास माणसे उद्यमबागेला अधिक उपयोगी पडतील, असे माझे मत आहे. नवी इमारत बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, फक्त त्याला उद्घाटनाची कोनशिला लागत नाही.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण सीमाभागात तो आधी घेतला की बाकीचे कोणी वाचत नाही. निपाणीचा शेतकरी बाजारात कन्नड बोलतो, मग त्याला कन्नड पुस्तिका का चालू नये, असे विचारले जाते. बाजारातले बोलणे वेगळे आणि बुरशीनाशकाचे प्रमाण, फवारणीतले अंतर, क्षारांची मोजणी छापील मजकुरातून समजून घेणे वेगळे. चुकीच्या मात्रेचा भुर्दंड पिकाला आणि खिशाला बसतो. शिवाय हा प्रश्न एकतर्फी नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड बोलणारा शेतकरी राहुरीची मराठी पुस्तिका हातात घेऊन याच अडचणीत असतो. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणविषयक निवेदनात, ज्या भागात अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे तत्त्व मान्य झाले होते. हे तत्त्व आपण इतकी वर्षे पाट्या, उतारे आणि परिपत्रके यांच्यासाठी मागत आलो, आणि ती मागणी रास्तच आहे. पण ऊस, भात, तंबाखू आणि बाळंतपण यांच्याविषयीच्या सल्ल्यासाठी ती आपण क्वचितच केली. सीमाभागातल्या मराठी भाषकांच्या आमच्या चळवळीकडूनही हा मुद्दा निसटला, असे मला वाटते. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे, धारवाडच्या संशोधन केंद्रांत विषयाचे जाणकार आहेत. शिफारशींचे मराठी रूप तयार करून ते संकेश्वर किंवा निपाणीच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाकडून तपासून घेणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानधनावर देता येईल. जत-अक्कलकोटसाठी हीच व्यवस्था उलट्या दिशेने सोलापूर आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांना करता येईल.

दोन आक्षेप मला मान्य आहेत. पहिला असा की प्रत्येक संशोधनाला उपयोगाची साखळी बांधली तर मूलभूत विज्ञान गुदमरेल. म्हणून, संशोधनाच्या अनुदानालाच ज्ञान पोहोचवण्याची अट जोडावी, ही माझी सूचना सर्व अनुदानांना लागू नाही. गणितज्ञाला किंवा कणभौतिकीच्या अभ्यासकाला हुमणीविषयी विचारू नये. ज्या प्रकल्पाच्या अर्जातच शेतकरी, रुग्ण किंवा लघुउद्योग यांचा उल्लेख करून पैसा मागितलेला असतो, त्याच प्रकल्पांना ही अट लावावी. दुसरा आक्षेप मोजण्याचा आहे, कारण परिणाम मोजणे अवघड असते. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या मूल्यमापनात संशोधनाच्या समाजावरील परिणामाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के गुण दिले गेले. त्यासाठी विद्यापीठांनी पाने भरभरून परिणामकथा लिहिल्या, त्यात थोडी अतिशयोक्तीही झाली. तरी कथा लिहिण्यासाठी का होईना, प्राध्यापकांना बाहेर जाऊन विचारावे लागले की तुमच्या कामाचा कोणाला काय उपयोग झाला. आपल्याकडे तेवढेही विचारले जात नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तोपर्यंत दोन राज्यांनी मिळून काही करणे म्हणजे आपली बाजू सैल करणे, असे दोन्हीकडे म्हटले जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्ययोजना लागू केली तेव्हाही वाद झाला. पण हुमणीच्या मोहिमेची तारीख एकत्र ठरवल्याने, किंवा पाडेगावच्या वाणाची तोडणीची शिफारस संकेश्वरच्या केंद्राने आपल्या शिक्क्यानिशी दिल्याने, कोणाच्याही दाव्यातला एक शब्दही बदलत नाही.

सुरुवात लहान करता येते आणि तिला नवे मंडळ लागत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेने बंगळूर आणि पुणे या दोन विभागीय संस्थांना सांगावे की सीमेलगतच्या तालुक्यांची कामे दोन्ही बाजूंच्या केंद्रांच्या हिशेबात धरा. समन्वित प्रकल्पाच्या ७५ टक्के केंद्रीय वाट्यातून, शोधासाठी दिलेल्या दर शंभर रुपयांमागे निदान पाच रुपये केवळ प्रसारासाठी राखून ठेवावेत. त्यातून प्रत्येक सीमावर्ती तालुक्यात एक असा माणूस नेमावा ज्याला दोन्ही भाषा येतात आणि ज्याच्या कामाचा अहवाल धारवाड आणि राहुरी या दोन्ही विद्यापीठांकडे जातो. वळवाचा पाऊस मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस पडतो. शिरोळ, कागवाड, चिकोडी आणि निपाणीत एकाच आठवड्यात भुंगेरे गोळा करायचे असतील, तर बेळगावचे कृषी सहसंचालक, कोल्हापूरचे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि दोन्ही बाजूंच्या कारखान्यांचे शेतकी अधिकारी यांची बैठक एप्रिलमध्येच व्हायला हवी, आणि ती बोलावण्याचे अधिकार या अधिकाऱ्यांकडे आजही आहेत.